प्रोटॉन की न्यूट्रॉन: जड कोण आणि का?

सांगलीत बारावीच्या पोरांना शिकवताना हा प्रश्न हमखास येतो. प्रोटॉन 938.27 एमईव्ही (मेगा-इलेक्ट्रॉनव्होल्ट, कणांचं वस्तुमान मोजायचं एकक), न्यूट्रॉन 939.57. फरक जेमतेम 0.14 टक्के; मार्केट यार्डात हळदीच्या क्विंटलमागे 140 ग्रॅम इकडे-तिकडे व्हावेत, तेवढाच.

दोघेही क्वार्क नावाच्या आणखी लहान कणांचे बनलेले: प्रोटॉनमध्ये दोन अप क्वार्क, एक डाऊन, न्यूट्रॉनमध्ये उलट. विद्युतभाराच्या ऊर्जेचीही वस्तुमानात भर पडते, म्हणून नुसता विद्युतभार पाहिला तर प्रोटॉनच साधारण एक एमईव्हीने जड भरायला हवा! पण डाऊन क्वार्क अपपेक्षा जड आहे आणि तो फरक विद्युतभारावर मात करतो. मला हीच ओढाताण सगळ्यात विलक्षण वाटते.

जड कण हलक्यात बदलू शकतो; म्हणूनच सुटा न्यूट्रॉन सरासरी 15 मिनिटांत फुटतो आणि त्याचा प्रोटॉन होतो. प्रोटॉन फुटलेला आजवर कुणी पाहिला नाही. पारडं उलटं झुकलं असतं, तर ज्याचं केंद्रक म्हणजे एकटा प्रोटॉन, तो साधा हायड्रोजनही टिकला नसता.