आठ मिलिमीटरची बी-लाइन: झाडावर दिवसभर लोंबकळणाऱ्यांसाठी

रॅपलिंगला, म्हणजे दोरावरून कडा उतरताना, बॅकअप म्हणून आपण सगळेच जी 6 मिमी नायलॉनची कॉर्ड लावतो, तीच कंबरेला अडकवून झाडावर चढणारी ट्रेकर पोरं हल्ली पुण्यात बरीच दिसतात. चढतातही झकास. पण कड्यावरचा प्रुसिक, म्हणजे मुख्य दोराभोवती ही कॉर्ड गुंडाळून मारलेली, वजन आलं की आवळणारी गाठ, हा राखणदार असतो. सगळं नीट चाललं तर त्याला दिवसभर काहीच करावं लागत नाही. झाडावर फांद्या कापायला चढलात की तशीच गाठ तुमचा ब्रेक आणि तीच तुमची खुर्ची. फांदीवरून फांदीवर जाताना दर दोन मिनिटांनी गाठ सोडायची, सरकायचं, पुन्हा धरायची. मग कॉर्ड घासते, तापते. नायलॉन सव्वादोनशे ते अडीचशे अंशांच्या आसपास वितळतं, पण त्याच्या बरंच आधी त्याच्या अंगावर काचेसारखी चकाकी चढते. चकाकलेली कॉर्ड आज धरते, उद्या घसरते.

म्हणून मी गाठीच्या कॉर्डसाठी येल कॉर्डेजच्या बी-लाइनवर आले. अमेरिकेतल्या मेन राज्यातली ही दोर बनवणारी कंपनी. माझ्याकडे आहे ती 8 मिमीची, दोन्ही टोकांना डोळे, म्हणजे कॅराबिनर अडकवायचे कायमचे फासे, असलेली. बाहेरची साल पॉलिएस्टर आणि टेक्नोरा यांची मिश्र वीण, आत व्हेक्ट्रानचा गाभा. यातलं महत्त्वाचं टेक्नोरा. हे अरामिड जातीचं सूत वितळतच नाही. 500 अंशांच्या घरात गेलं की जळायला लागतं. रेन ट्रीच्या शेंड्यावरून घाईने खाली आलं तरी गाठीला हात लावल्यावर ती गरम लागते, चिकट लागत नाही. मला एवढंच हवं होतं.

धरते कशी? माझा चढायचा दोर 11.7 मिमीचा आहे. त्यावर 8 मिमी कॉर्डची जोडी जमते. दोर 13 मिमीचा असेल तर 10 मिमीची घ्या. कॉर्ड जितकी बारीक तितकी ती दोराला करकचून आवळते. मग धरायची काळजी नसते, पण सोडवताना नाकी नऊ येतात. जाड घेतली तर नेमकं उलटं. मी व्हीटी नावाची गाठ मारते, म्हणजे वर चार वेढे आणि खाली टोकांची वेणी. अंगावर वजन असतानाही ती हलक्या हाताने सुटते. ज्यांना सरकणारी गाठ बघून धडकी भरते त्यांनी डिस्टेल ही गाठ मारावी: वर चार-पाच वेढे, खाली एक. थोडी हट्टी आहे, पण वागायला सरळ. गाठीखाली छोटी कप्पी लावली की ढिला दोर एका हाताने ओढून घेता येतो आणि दुसरा हात करवतीला मोकळा राहतो. मी दुहेरी दोरावर, म्हणजे फांदीवरून घेऊन दोन्ही बाजू स्वतःकडे आणलेल्या दोरावर, काम करते, त्यामुळे गाठीवर साधारण निम्माच भार येतो. एकेरी दोरावर चढणाऱ्यांनी नुसत्या गाठीवर विसंबू नये. पूर्ण वजनाखाली ती इतकी आवळते की उतरताच येत नाही. तिथे वर रोप रेंचसारखं घर्षण वाटून घेणारं साधन हवंच.

ब्लेकची गाठ शिकलेले म्हणतील, वेगळी कॉर्ड कशाला, दोराच्याच शेपटीने काम भागतं. भागतं. शिकायला ती उत्तमच आहे, 1994 पासून जगभर लोक त्यावरच तयार झाले. पण तिथे दोरावर दोरच घासतो आणि झिजतो तुमचा महागातला दोर. कॉर्ड बदलणं केव्हाही स्वस्त.

डायनिमा या सुताच्या चपट्या स्लिंगा (शिवलेले पट्टे) गाठीसाठी वापरणारेही भेटले. ते सूत 145-150 अंशांच्या आसपास वितळतं आणि वर साबणासारखं गुळगुळीत. यावर मी वाद घालत नाही, खालूनच ओरडते.

आता डोळ्यांचा प्रश्न. टोकांना गाठी मारून घ्याव्यात, शिवलेले डोळे घ्यावेत की स्प्लाइस केलेले, म्हणजे दोराचं टोक त्याच्याच विणीत गुंफलेले? गाठीने दोराची पाव ते तिसरा हिस्सा ताकद जाते. चांगल्या स्प्लाइसमध्ये नव्वद टक्क्यांच्या आसपास राहते. शिवाय गाठीचा गोळा कप्पीत अडकतो तो वेगळाच. मिरकरवाड्याच्या बंदरावर खलाशी तीन पदरी दोराचे पदर उलगडून बोलता बोलता डोळा गुंफतात. ते बघून मला वाटायचं, यात काय एवढं! दुहेरी विणीचा दोर वेगळा असतो. त्यात आधी गाभा बाहेर काढायचा, मग साल गाभ्यात आणि गाभा सालीत घालायचा, टोकं निमुळती करायची, आणि शेवटी सगळी साल गाईच्या सडासारखी ओढत ओढत जोडावर आणायची. त्यासाठी पोकळ सुई लागते, फिड म्हणतात तिला. तिची लांबी दोराच्या व्यासाच्या 21-22 पट, आणि सगळी मापं तिच्यावरूनच घेतात. एक खूण चुकली तर शेवटचे दोन इंच साल येत नाही म्हणजे नाही. आणि हे सगळं कोऱ्या दोरावर. वापरलेल्या दोराची साल आकसलेली असते, ती जागची हलत नाही.

हात बसवायचा असेल तर पोकळ विणीचा 12 पदरी दोर घ्या, आणि तोही फांद्या खाली उतरवायच्या स्लिंगांसाठी. माझ्या स्लिंगा मीच गुंफते. ज्यावर जीव टांगायचा ते डोळे मात्र मी कारखान्यातूनच घेते. चढायच्या दोरालाही तेच. युरोपच्या ईएन 1891 मानकात ए प्रकारच्या दोराला टोकाच्या डोळ्यासकट 15 किलोन्यूटन, म्हणजे दीड टनाच्या आसपास, भार तीन मिनिटं पेलावा लागतो. माझ्या बैठकीत भाताच्या कुकरशेजारी बसून केलेल्या स्प्लाइसची ती परीक्षा कोण घेणार?

कुरकुरी आहेत, पण त्या सगळ्याच अरामिड कॉर्डना लागू. नवी असताना कडक असते, पहिले काही दिवस गाठ नीट बसत नाही; दुहेरी दोरावर, जमिनीपासून हातभर उंचीवर बसून ती मऊ करून घ्यावी. ऊन अरामिडला सोसत नाही, त्यामुळे गाडीच्या डॅशबोर्डवर टाकू नका. सतत दुमडूनही ते सूत आतून तुटत जातं. जून-जुलैत सोसायट्यांची कामं एकामागून एक येतात, वृक्ष प्राधिकरणाची परवानगी हातात आली की सेक्रेटरी म्हणतात, “मॅडम, आजच करून टाका.” अशा मोसमात रोज सकाळी गाठ पूर्ण सोडून कॉर्ड बोटांतून फिरवून बघते. सालीतून गाभा दिसला, एखादी जागा चपटी किंवा कडक लागली की तिथेच कापून दोन तुकडे करते, म्हणजे मदतनीस ती हौसेने पुन्हा उचलणार नाही.

मागवताना एक सांभाळा. एका विक्रेत्याने मला कॉर्डची एकूण लांबी सांगून भलताच आखूड तुकडा पाठवला होता. लांबी डोळ्यापासून डोळ्यापर्यंतची विचारा. व्हीटीसाठी 75 सेंटिमीटरच्या आसपास, डिस्टेलसाठी थोडी कमी चालते. कस्टमचा भुर्दंड धरून किंमत टोचतेच, तेव्हा एकदम दोन मागवा.