लेसर डायोड कंट्रोलरचं कॅलिब्रेशन आणि दुरुस्ती : ९ महिन्यांनंतर

कंट्रोलर तपासायला दिला त्या दोन ठिकाणचा अनुभव आहे, आणि दोन्हीकडच्या तक्रारीही लिहिणार आहे. म्हणून नावं कुणाचीच घेत नाही.

आमच्या कॉलेजच्या भौतिकशास्त्राच्या लॅबमध्ये रुबिडियमचा प्रयोग आहे. लेसर डायोड, त्याला करंट देणारा आणि त्याचं तापमान धरून ठेवणारा कंट्रोलर, पुढं रुबिडियम या धातूची वाफ भरलेली काचेची बंद नळी, म्हणजे सेल. करंट आणि तापमान जुळून तरंगलांबी ७८०.२४ नॅनोमीटरवर आली की सेल उजळते. नुसत्या डोळ्याला जवळपास काहीच दिसत नाही, पण आयआर फिल्टर काढलेल्या जुन्या वेबकॅममध्ये सेलच्या आरपार एक पांढरी काडी दिसते. ती दिसली की पोरं हरखतात.

गेल्या वर्षी एका सत्रात आमचे दोन डायोड गेले. डायोड गेला म्हणजे जळून धूर येत नाही. तो एलईडीसारखा मिणमिणत राहतो, नुसता लेसर होत नाही. दोन्ही वेळा आम्ही पोरांनाच बोललो. कंट्रोलरवर तर शंका घ्यायला जागाच नव्हती, कारण त्याच्या डोक्यावर ‘कॅलिब्रेटेड’, म्हणजे आकडे पडताळून पाहिलेला, असा स्टिकर होता, तोही ताजा.

त्या स्टिकरची गोष्ट आधी सांगते. कोल्हापूर हे फाउंड्री आणि मशीनशॉपचं गाव. व्हर्नियर, मायक्रोमीटर, प्रेशर गेज तपासून देणारे इथं सापडतात. लेसर डायोडच्या कंट्रोलरला हात लावणारं मात्र आम्हाला कुणी भेटलं नाही, म्हणून बाहेरगावी पाठवला. आठवड्यात परत आला. सोबत एक पान : उपकरणाचं नाव, सीरियल नंबर, ‘समाधानकारक’, सही-शिक्का. एकही आकडा नाही. मीही ते पान फाईलला लावून मोकळी झाले. माझी चूक ती तिथं झाली.

दुसरा डायोड गेल्यावर आमच्या लॅबच्या मामांनी विचारलं, “मॅडम, डायोड काढून नुसता रेझिस्टर लावून बघूया का?” १० ओहमचा प्रिसिजन रेझिस्टर लावला, दोन टोकांना मल्टिमीटर. डिस्प्लेवर ६०.० मिलिअँपिअर, म्हणजे मीटरवर ०.६०० व्होल्ट यायला हवा होता. आला ०.६३८. खरा करंट ६३.८! थ्रेशोल्डच्या, म्हणजे डायोड लेसर व्हायला लागतो त्या करंटच्या, पुढं आमच्या डायोडला दर मिलिअँपिअरमागं साधारण एक मिलिवॉट प्रकाश वाढतो, म्हणजे दाखवतोय त्यापेक्षा जवळजवळ ४ मिलिवॉट जास्त. मग मामांनी करंट लिमिट, म्हणजे ज्याच्या पुढं कंट्रोलरनं करंट जाऊच द्यायचा नाही ती मर्यादा, ७० वर ठेवून नॉब पुढं फिरवत नेला. करंट अडला तो ८१ वर. डायोडची कमाल मर्यादा ७५. पोरांना आम्ही काय काय बोललो होतो ते आठवून मी गप्पच बसले.

दुसऱ्या ठिकाणी पाठवण्याआधी फोनवर तीन गोष्टी विचारल्या. एनएबीएलच्या (तपासणी प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यतेत डीसी करंट आमच्या रेंजमध्ये येतो का? आला तसा, हात न लावता घेतलेली रीडिंग मिळतील का? सेट करंटबरोबर लिमिटही तपासणार का? तिसऱ्या प्रश्नावर तिकडचे गृहस्थ थांबले आणि म्हणाले, “बाई, हे कुणी विचारत नाही.” तेवढ्यावरच मी ठरवलं. शिरोलीच्या फाउंड्रीवाल्या मित्रानं लाकडी खोकं दिलं, आत थर्मोकोल भरलं, आणि तावडे हॉटेलपाशी रात्रीच्या ट्रॅव्हल्सवर पार्सल चढवलं.

तीन आठवडे सांगितले होते, सहा लागले. मधे दोनदा मीच फोन केला, त्यांचा एकदाही आला नाही. पण कागद बघण्यासारखा आला : ५ पानं, आधीची रीडिंग, दुरुस्तीनंतरची रीडिंग, प्रत्येक आकड्यापुढं अनिश्चितता, लिमिटचा वेगळा तक्ता. आउटपुट बंद असताना डायोड शॉर्ट करून ठेवणारा रिले घासला होता, तो बदलला. फॅनमध्ये कोळ्याचं घर होतं, तेही लिहून पाठवलंय. फोटोडायोडकडून पॉवर वाचणारा भाग मात्र तपासलाच नाही. विचारल्यावर कळलं, त्याचे पैसे वेगळे. हे आधी सांगायला काय हरकत होती?

तेव्हापासून महिन्यातून एकदा मामा तोच १० ओहम लावतात आणि वहीत आकडा लिहितात. पहिल्या महिन्यात ०.६००१, नवव्यात ०.६००२. या काळात एकही डायोड गेलेला नाही.

मधे जुलैत एकदा काडी गायब झाली. तापमान १७ अंशांवर स्थिर दिसत होतं, करंटही बरोबर. मला वाटलं, झालं, पुन्हा बिघडला. त्याच गृहस्थांना फोन लावला. ते म्हणाले, “थर्मिस्टर काढा आणि त्याच्या जागी १० किलोओहमचा पक्का रेझिस्टर लावा.” थर्मिस्टर म्हणजे डायोडचं तापमान मोजणारा सेन्सर; तापला की त्याचा रेझिस्टन्स कमी होतो, आणि २५ अंशांना तो १० किलोओहम असतो. रेझिस्टर लावला, तर डिस्प्लेवर बरोबर २५.० अंश. “मग बॉक्स ठीक आहे. तुमचा माउंट ओला असेल.”

माउंट, म्हणजे डायोड बसवलेला ठोकळा, खरंच ओला होता. इथल्या पावसाळ्यात खोलीत २४ अंश आणि ८५ टक्के आर्द्रता असली की २१ अंशांनाच दव धरतं, आणि डायोड थंड ठेवणारा आमचा पेल्टिएर १७ वर. कनेक्टरच्या पिनांमध्ये पाणी उतरलं की थर्मिस्टरला समांतर वाट मिळते, रेझिस्टन्स कमी वाचला जातो, कंट्रोलरला वाटतं डायोड गरम झालाय आणि तो आणखी थंड करत सुटतो. अर्धा अंश जरी चुकला, तरी आमच्या डायोडची तरंगलांबी साधारण ०.१ नॅनोमीटरनं हलते, आणि रुबिडियमची रेषा हातची जायला तेवढं पुरतं. हेअर ड्रायरनं माउंट सुकवला, झाकणात सिलिका जेलची पुडी टाकली, काडी परत आली. या सल्ल्याचे त्यांनी पैसे घेतले नाहीत, म्हणून सहा आठवड्यांचा राग थोडा उतरला.

खर्च कॅलिब्रेशन आणि दुरुस्ती मिळून, १८ टक्के जीएसटी धरून, दोन डायोडच्या किमतीपेक्षा जास्तच झाला. ऑफिसनं बिल दोनदा परत पाठवलं, “आधीचं सर्टिफिकेट असताना पुन्हा कशाला?” म्हणून. तिसऱ्या वेळी मी दोन्ही सर्टिफिकेटं शेजारी शेजारी ठेवून मामांची वही वर ठेवली. बिल पास झालं.

आता डिसेंबरच्या सुट्टीत पुन्हा पाठवायचाय. फोटोडायोडचा भागही या वेळी लेखी मागितलाय. लाकडी खोकं मामांनी जपून ठेवलंय, सध्या त्यात प्रिझम आहेत.