भरलेली पिकअप आणि कुंभार्ली घाटाचा उतार, उन्हाळा ते हिवाळा वापरल्यानंतरचा अनुभव

गेल्या उन्हाळ्यात दीड टनी डिझेल पिकअप घेतली, पाच गिअर, पुढं डिस्क मागं ड्रम, पॉवर स्टेअरिंग, बाकी चैन काही नाही. कंपनीचं नाव टाकत नाही, कारण ॲव्हरेज, सीट, टेप यावर मला लिहायचंच नाहीये, ते सगळीकडं वाचायला मिळतं. भरलेली गाडी उतारावर कशी वागते हे मात्र कोणी नीट सांगत नाही, शोरूमला गेलात तर चढावर कशी पळते हेच ऐकवतात.

माझा रस्ता कराड, पाटण, कोयनानगर, मग कुंभार्ली घाट उतरून पोफळी आणि चिपळूण. कराडला कोबी, टोमॅटो, फ्लॉवरची कॅरेट भरायची आणि उजाडायच्या आत खाली पोचायचं. म्हणजे भरलेली गाडी कायम उतारावर आणि रिकामी चढावर, त्यामुळं माझ्या दृष्टीनं गाडी ओढते किती यापेक्षा ती धरून राहते किती हाच खरा प्रश्न.

आधी थोडा हिशोब सांगतो, कारण तो डोक्यात बसला की बाकीचं आपोआप समजतं. घाटमाथ्यापासून चिपळूणपर्यंत गाडी पाचशे मीटरच्या वर खाली येते. गाडी आणि माल मिळून तीन टन धरा आणि उंची नुसती ५०० मीटर धरा, तरी तेवढं वजन खाली आणताना जी उष्णता तयार होते तिच्यात पन्नासेक लिटर गार पाणी उकळेल. ही उष्णता कुठंतरी जाणारच ना, ती सगळी ब्रेकवर टाकली तर लायनर जळल्याचा वास येतो, मग पेडल तेच पण पकड कमी, आणि अजून दाबत राहिलात तर ब्रेक ऑइल उकळून पेडल स्पंजासारखं खाली जातं. म्हणून उतारावरचं मुख्य काम इंजिननं करायचं, ब्रेकनं फक्त मदत करायची.

या गाडीत ते जमतं का, तर जमतं, पण दुसऱ्या गिअरला. भरलेल्या गाडीला तिसरा पुरत नाही, दोन वळणांत वेग वाढतो आणि पाय आपोआप ब्रेकवर जातो. मोठ्या ट्रकला एक्झॉस्ट ब्रेक असतो, म्हणजे धूर बाहेर जायची वाट अडवून इंजिनच गाडीला मागं ओढतं, तसा या पिकअपला नाही, आणि डिझेल इंजिन नुसतं ॲक्सिलेटर सोडून फार धरत नाही, तेव्हा गिअर खालचाच पाहिजे. आणि तो घाट सुरू व्हायच्या आधी टाकायचा, हे फार महत्त्वाचं. उतारात वेग वाढल्यावर तिसऱ्यातून दुसऱ्यात आणायला गेलात की क्लच दाबल्याबरोबर गाडी मोकळी सुटते आणि कधी कधी गिअर पडतच नाही. माझ्याबरोबर येणारा पोरगा नवीन असताना दुसऱ्या गिअरमधला इंजिनचा आवाज ऐकून घाबरायचा, म्हणायचा दादा इंजिन फुटंल. फुटत नाही. काटा लाल पट्टीच्या खाली ठेवा, इंजिनला काही होत नाही.

ब्रेक लावायची पद्धतही सांगतो. सतत पाय टेकवून ठेवायचा नाही. वेग वाढला की एकदा दणकून दाबायचा, पाहिजे त्याच्याही थोडा खाली वेग आणायचा आणि पूर्ण सोडून द्यायचा, म्हणजे डिस्क-ड्रमला वारा लागायला वेळ मिळतो. आणि हे सगळं वळणाच्या आधी सरळ रस्त्यावर, वळणात फक्त स्टेअरिंग. असं चालवून माझे पुढचे पॅड अजून अर्ध्याच्या वर शिल्लक आहेत, मेकॅनिकनं चाक काढून दाखवले.

आता न्यूट्रलबद्दल. डिझेल वाचतं म्हणून न्यूट्रल करून उतरणारे मी रोज बघतो आणि मला खरंच राग येतो. अहो, आताच्या इंजिनांत गिअरमध्ये असताना ॲक्सिलेटर सोडला की कॉम्प्युटर डिझेलच बंद करतो, उलट न्यूट्रलला इंजिन चालू ठेवायला थोडं तरी लागतं. म्हणजे वाचत काहीच नाही. आणि चावीच बंद केली तर ब्रेकचा व्हॅक्युम, म्हणजे पेडल हलकं करणारी इंजिनची मदत, एक-दोन दाबात संपतो, पेडल दगड होतं, स्टेअरिंग जड होतं. २०२२ च्या नोव्हेंबरात पुण्यात नवले पुलाच्या उतारावर एका ट्रकनं कितीतरी गाड्या ठोकल्या, तेव्हाही इंजिन बंद करून न्यूट्रलला उतरत होता असंच पोलिसांकडून बाहेर आलं होतं. लोकांचे जीव पणाला लावून कसलं डिझेल वाचवता?

अजून एक गोष्ट जी फार कमी जणांना माहितीये. माझ्या गाडीला मागच्या ॲक्सलजवळ एक छोटी दांडी आहे, तिला लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह म्हणतात. माल भरला की मागचा भाग बसतो, दांडी वर जाते आणि मागच्या ब्रेकला जास्त प्रेशर मिळतं, रिकामी असली की कमी, म्हणजे मागची चाकं लॉक होत नाहीत. आता आपल्याकडं नवीन गाडी घेतली की पहिलं काम काय, तर जादा पाटे, म्हणजे मागच्या स्प्रिंगच्या जादा पट्ट्या, टाकून घेणं! पाटे टाकले की भरली तरी गाडी बसत नाही, व्हॉल्व्हला वाटतं गाडी रिकामीच आहे, आणि ऐन उतारात मागचा ब्रेक अर्धवट लागतो, सगळा भार पुढच्या डिस्कवर. मी पाटे टाकले नाहीत, जेवढा पासिंगचा माल, म्हणजे कागदावर परवानगी आहे तेवढाच, भरतो. तुम्ही टाकले असतील तर व्हॉल्व्ह सेट करून घ्या, खाली वाकून दांडी चिखलानं अडकलीये का तेही बघा, माझी पावसाळ्यात दोनदा चिखलानं भरलेली होती.

कॅरेट बांधताना पुढच्या फळीला टेकवूनच लावायची, मध्ये मोकळी जागा ठेवली की ब्रेक मारल्यावर सगळा माल केबिनवर येतो.

पावसात आणि धुक्यात गाडी बरी आहे, उत्तम नाही. हेडलाइट धुक्यात नुसता पांढरा पडदा करतो, पिवळे फॉग लॅम्प बसवून घेतले तेव्हा कुठं कडेचा पट्टा दिसायला लागला. काचेच्या बाजूचा खांब जाड आहे, उजवीकडच्या हेअरपिन वळणाला वर येणारी एसटी त्याच्यामागं पूर्ण लपते, डोकं पुढं काढून बघावं लागतं. आणि अरुंद जागी वर येणाऱ्याला वाट द्यायचा नियमच आहे, भरलेल्या गाडीला चढावर थांबून परत उठणं किती अवघड असतं ते सगळ्यांना माहितीये, आपण थांबायचं.

खाली उतरल्यावर गरम ड्रमवर पाणी मारू नका, तडे जातात. लगेच हँडब्रेकही कचकचून ओढत नाही मी, गिअरमध्ये ठेवतो आणि चाकाला दगड लावतो.

घाटात रोज भरून उतरणार असाल तर ही गाडी घ्यायला हरकत नाही, फक्त सर्व्हिसला ब्रेक ऑइलचं स्वतः विचारा. हे ऑइल हवेतला ओलावा शोषतं. नवीन डॉट ३, म्हणजे ब्रेक ऑइलचा एक प्रकार, कमीत कमी २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, ओलावा धरल्यावर तेच १४० पर्यंत येऊ शकतं, आणि कोयनेच्या पावसात ओलाव्याला काय तोटा. दोन वर्षांनी बदला म्हणतात, मी दर पावसाळा संपला की बदलणार आहे, खर्च एका फेरीच्या भाड्याइतकाही मोठा वाटत नाही मला.