आवाज थांबत नाहीत: आरटीएमएस करावं की टीडीसीएस?

स्किझोफ्रेनियाची औषधं नियमित चालू आहेत, तरी कानातले आवाज जात नाहीत. मग कुणीतरी 'मशीनची ट्रीटमेंट' सुचवतं, म्हणजे बाहेरून मेंदूला चुंबकीय ठोके (आरटीएमएस) किंवा हलका करंट (टीडीसीएस) देणं. ती ठरवण्याआधी डॉक्टरांना एक विचारा: क्लोझापिन (इतर औषधांना दाद न देणाऱ्या स्किझोफ्रेनियाचं औषध) देऊन झालंय का? दोन औषधं पुरेशा डोसात घेऊनही फरक नसेल, तर पहिला मान त्याचा. त्यासोबत कराव्या लागणाऱ्या रक्ततपासण्यांचा कंटाळा हे ते टाळायचं कारण नव्हे.

आरटीएमएसमध्ये डोक्यावर धरलेल्या कॉइलमधून चुंबकीय ठोके देतात, टीडीसीएसमध्ये डोक्याला लावलेल्या ओल्या स्पंजांमधून (इलेक्ट्रोड) साधारण 2 मिलिअँपिअर करंट, 20 मिनिटं. दोन्हींत भूल लागत नाही, मुद्दाम फिटही आणत नाहीत. म्हणजे हे 'शॉक' नव्हेत. दोन्ही औषधांच्या जोडीला, औषधांऐवजी नाही.

आवाजांसाठी दोन्हींचा रोख डाव्या कानाच्या वर-मागच्या भागावर असतो. आरटीएमएसचे सुरुवातीचे निकाल आशादायक होते, नंतरचे संमिश्र. टीडीसीएसचंही तसंच. 2012 च्या फ्रेंच अभ्यासात दिवसातून दोनदा, पाच दिवस करंट दिल्यावर आवाज कमी झाले आणि परिणाम तीन महिने टिकला. पण रुग्ण होते फक्त 30. पुढे सगळ्यांना तसा गुण आला नाही.

न बोलणं, कशातच मन नसणं, यासाठी कुणी आरटीएमएस सुचवलं तर मी जरा थांबेन. 175 रुग्णांच्या जर्मन चाचणीत (2015) खोट्या उपचारापेक्षा (मशीन लावल्याचं नुसतं नाटक) ते सरस ठरलं नाही. टीडीसीएसने मात्र 2020 च्या ब्राझीलमधल्या चाचणीत, 100 रुग्णांत, फरक दाखवला.

डोक्यात धातूची क्लिप किंवा कॉक्लियर इम्प्लांट (ऐकू येण्यासाठी शस्त्रक्रियेने बसवलेलं यंत्र) असेल तर आरटीएमएस बाद. फिट येण्याचा धोका अगदी थोडा, पण आधी कधी आली असेल तर सांगाच. टीडीसीएसने बहुधा खाज, लाली, एवढंच.

मुंबईत खरा प्रश्न येण्याजाण्याचा. सगळे आपल्याकडेच बघताहेत असं वाटणाऱ्या माणसाला आरटीएमएससाठी बदलापूरहून सकाळच्या फास्ट लोकलने दोन-चार आठवडे रोज आणायचं, हे सोपं नाही. सोबत येणाऱ्याची रजा वेगळीच! टीडीसीएसच्या त्या पाच दिवसांत दोन सेशनच्या मधले तास दवाखान्यातच काढावे लागतात, पण आठवड्यात सुटका. पैसे, वेळ तंग असतील तर मी आधी टीडीसीएसचंच विचारेन. दवाखाना जवळ असेल आणि त्रास फक्त आवाजांचा असेल, तर आरटीएमएसही चालेल. ऑनलाइन मिळणारं टीडीसीएसचं यंत्र मागवून घरच्या घरी लावणं मात्र नको. इलेक्ट्रोड कुठे लावला यावरच सगळं ठरतं.