वाळवंटी नदीकाठच्या गावाच्या सांडपाण्याला एसबीआर की पाणथळ वाफे?

गोव्यातल्या साखळीसारखं, दहा हजार वस्तीचं गाव धरा. माणशी 135 लिटर पुरवठा, त्याचं 80 टक्के सांडपाणी, म्हणजे दिवसाला सुमारे 10.8 लाख लिटर. ते शुद्ध करायचे दोन पर्याय: झाडं लावलेले पाणथळ वाफे, नाहीतर एसबीआर (सिक्वेन्सिंग बॅच रिॲक्टर) ही यांत्रिक टाकी.

खडी भरून कर्दळ, पाणकणीस लावलेल्या वाफ्यांना वीज जवळजवळ लागत नाही. पण जागा माणशी किमान एक-दोन चौरस मीटर, म्हणजे एक-दोन हेक्टर. नदीकाठी तेवढी सपाट जमीन कोण देणार? खाजनाकडे, म्हणजे बांध घालून भरतीपासून राखलेल्या खाडीकाठच्या शेतजमिनीकडे, तर बघूही नये. आधी सेटलिंग टाकी हवीच, नाहीतर गाळ खडीत बसतो आणि पाणी वरून वाहू लागतं. शिवाय आडव्या प्रवाहाच्या वाफ्यात प्राणवायू कमी, त्यामुळे अमोनिया पुरेसा उतरत नाही.

एसबीआरमध्ये एकाच टाकीत भरणं, हवा देणं, निवळणं आणि वरचं पाणी काढणं चालतं. जागा थोडी, पाणीही जास्त स्वच्छ. हवा देताना विरघळलेला प्राणवायू लिटरला 2 मिलिग्रॅमच्या आसपास ठेवायचा. रोज एक लिटरच्या मोजपात्रात टाकीतलं पाणी अर्धा तास ठेवा: गाळ 700-800 मिलिलिटरवरच अडकला, तर तो फुगलाय किंवा फार साठलाय आणि डिकँटरमधून (वरचं पाणी काढणाऱ्या यंत्रातून) नदीत जाणार. हवा देणारे ब्लोअर बंद पडले की जिवाणू गुदमरतात, म्हणून जनरेटर आणि जादा ब्लोअर हवाच.

खरी परीक्षा जूनमध्ये. छपरांचं पाणी गटारजोडणीत घुसलं की निवळायला वेळच उरत नाही. शिकलेला ऑपरेटर कायम मिळणार असेल तरच एसबीआर घ्या. सुट्या वाड्यांना वाफेच बरे.