साधा पीक्यूआर की इम्पॅक्टसह? पहिली टेस्ट प्लेट लावण्याआधी

कोल्हापूरजवळच्या गोकुळ शिरगावला माझं फॅब्रिकेशनचं शॉप आहे. साखर कारखान्यांचे स्टीम हेडर, फौंड्रीवाल्यांचे एअर रिसीव्हर यांत बरीच वर्षं गेली. मग एएसएमई कोडची व्हेसल (दाब सोसणारी टाकी) करायचं ठरलं, तेव्हा जो प्रश्न आज शिरोली-कागलकडची नवी मंडळी विचारतात तोच माझ्यापुढे होता. कोडच्या सेक्शन नऊचा, म्हणजे वेल्डिंगच्या भागाचा, साधा पीक्यूआर (टेस्ट प्लेट जोडून, तपासून वेल्डिंगची पद्धत सिद्ध केल्याची नोंद) करून मोकळं व्हायचं, की त्याच हाताने इम्पॅक्टही (तुकडा गार करून झटक्याने फोडायची चाचणी) उरकून घ्यायचं? मी आधी साधा केला, मग दुसराही करावा लागला. टेन्साइल, बेंड, पी-नंबर तुम्हाला माहीत आहेत असं धरून पुढे लिहितो.

साध्याची बाजू कमकुवत नाही. मी एसए-५१६ ग्रेड ७० ची १२ मिमी प्लेट आडवी ठेवून, ई७०१८ रॉडने जोडली. दोन टेन्साइल, चार बेंड, आणि हातात कामाच्या जाडीची ५ ते २४ मिमीची रेंज. फौंड्रीच्या गावात टेस्टिंग लॅबची वानवा नाही, त्यामुळे रिपोर्टसाठी थांबावं लागलं नाही. वाफेच्या आणि हवेच्या कामात धातू गारठतच नाही. सेक्शन आठमधल्या (व्हेसलचा भाग) यूजी-२० (एफ) ची सवलतही आहे: पी-१ (कार्बन स्टील) चे ग्रुप १ आणि २, कर्व्ह बी, सी, डी (गारठ्यातल्या चिवटपणाचे वर्ग, डी सगळ्यात चिवट) मधला माल २५ मिमीपर्यंत, तापमान उणे २९ अंशांच्या खाली नाही, हायड्रो टेस्ट केलेली आणि झटके किंवा सायकलिक लोड ठरवणारे नाहीत, तर इम्पॅक्टची गरज पडत नाही. आणि पुढे कधी लागलंच, तर सेक्शन नऊ सगळं पुन्हा करायला लावत नाही. तेच व्हेरिएबल (वेल्डिंगच्या त्याच अटी) ठेवून एक जादा टेस्ट प्लेट जोडायची आणि तिच्यातून इम्पॅक्टचे तुकडे काढायचे. हे वाचून मी निर्धास्त होतो.

मग एका डेअरीच्या अमोनिया प्लांटचा लो प्रेशर रिसीव्हर आला. अमोनिया साध्या हवेच्या दाबाला उणे ३३ अंशांवर उकळतो, त्यामुळे ड्रॉइंगवर एमडीएमटी (डिझाइनचं किमान तापमान) उणे ४० होतं. शेल १६ मिमी, प्लेट नॉर्मलाइज्ड, म्हणजे कर्व्ह डी. प्लेट इम्पॅक्टमधून सुटली, म्हणून मी काम धरलं. पण प्लेट सुटली तरी जोड सुटेलच असं नसतं. उणे २९ च्या खाली वेल्डिंग प्रोसिजरचा प्रश्न सेक्शन आठचं यूसीएस-६७ कलम वेगळा विचारतं. त्यातूनही वाट आहे. ई७०१८ चं वर्गीकरण उणे २९ ला होतं, ई७०१८-१ चं उणे ४६ ला. रॉडचा प्रत्येक लॉट त्या तापमानाला तपासलेला असेल आणि पास (वेल्डचा एकेक थर) जाड नसेल, तर कोड बऱ्यापैकी मोकळीक देतो. चालू आवृत्ती उघडून शब्दन् शब्द वाचा, मी वाचलं होतं. पण गिऱ्हाइकाच्या स्पेसिफिकेशनमध्ये इम्पॅक्टसह पीक्यूआर असं स्वच्छ लिहिलेलं होतं, आणि विषय तिथेच संपला.

ज्या एका गोष्टीने मला छळलं आणि माझं मत कायमचं ठरवलं ती म्हणजे जाडीची खालची मर्यादा. साध्या पीक्यूआरमध्ये १२ ची प्लेट ५ पर्यंत खाली चालते. इम्पॅक्ट लागू झाला की खालची मर्यादा टेस्ट प्लेटची जाडी किंवा १६ मिमी, यांतली जी कमी ती (प्लेट ६ पेक्षा पातळ असेल तर हिशोब वेगळा). मी ‘तेच व्हेरिएबल’ म्हणून पुन्हा १२ चीच प्लेट जोडली. शेलला चालली. पण नोझलचे चार इंची पाइप ८.५६ मिमीचे होते, आणि १२ च्या खाली माझ्याकडे काहीच नव्हतं. त्यात ग्रुप नंबरही आडवा आला. साध्याला पी-नंबर जुळला की पुरतं. इम्पॅक्ट आला की ग्रेड ७० ग्रुप २ मध्ये आणि नोझलचा एसए-३३३ ग्रेड ६ ग्रुप १ मध्ये, हेही मोजलं जातं. म्हणजे तिसरी टेस्ट प्लेट. थर्ड पार्टी इन्स्पेक्टर पुण्याहून तिसऱ्यांदा आला. रोल केलेला शेल दोन आठवडे शॉपमध्ये पडून राहिला आणि येणारा-जाणारा विचारत होता, काम का थांबलंय. प्लेटचे पैसे विसरता येतात. ते दोन आठवडे अजून आठवतात.

आज मला पुन्हा सुरुवात करायची असती तर मी पहिल्याच दिवशी दोन प्लेट लावल्या असत्या, एक ८ ची आणि एक २५ ची. इम्पॅक्टसह पहिली ८ ते १६ धरते, दुसरी १६ ते ५०, मध्ये फट राहत नाही. कागदावर ५० दिसलं तरी पी-१ ला ३२ च्या वर, प्रीहीट दिलं तर ३८ च्या वर, स्ट्रेस रिलिव्ह (वेल्डनंतर तापवून ताण काढणं) येतंच आणि त्याचा पीक्यूआर वेगळा लागतो, हे विसरू नका. ८ च्या प्लेटीत एका बाजूला ग्रुप १ चा आणि दुसऱ्या बाजूला ग्रुप २ चा माल घेतला, तर नोझलचा प्रश्नही तिथेच मिटतो. तिच्यातून पूर्ण १० मिमीचा तुकडा निघत नाही, ७.५ चा काढावा लागतो. लॅबला आधी सांगून ठेवा.

दोन्ही प्लेट उभ्या, खालून वर जोडा. उभ्या वरच्या चालीवर पास झालेली प्रोसिजर इम्पॅक्टसाठी सगळ्या पोझिशनला चालते. शिवाय उभ्यात वेल्डरचा हात संथ असतो, त्यामुळे हीट इनपुट (दर मिलिमीटर जोडाला दिलेली उष्णता) आपोआप जास्त नोंदला जातो. १२० अँपिअर, २४ व्होल्ट आणि मिनिटाला ८० मिमी चाल धरली तर मिलिमीटरला २.१६ किलोज्यूल येतात. आडव्यात तोच हात १६० ने गेला तर निम्मे. नोंदवलेल्या आकड्याच्या वर कामात जाता येत नाही, म्हणून आडवी प्लेट लावणारा स्वतःच्याच वेल्डरचे हात बांधून ठेवतो. (युरोपच्या आयएसओ १५६१४-१ मध्ये लेव्हल २ ला २५ टक्के वर जायची मुभा आहे, सेक्शन नऊमध्ये ती नाही.) अर्थात उष्णता फार वाढवली तर इम्पॅक्टच नापास होईल. आमच्या वेल्डरने झुलवणं आवरतं घेतलं तेव्हा आकडे चांगले आले, यापलीकडे माझ्याकडे मोजमाप नाही.

इम्पॅक्टविरुद्ध नेहमी सांगितलं जातं की त्यामुळे शॉपमध्ये हीट इनपुटचं जोखड येतं. ते फक्त इम्पॅक्ट लागणाऱ्या कामालाच आहे. त्याच पीक्यूआरवर दोन डब्ल्यूपीएस (वेल्डरला द्यायच्या लेखी पद्धती) लिहा. एअर रिसीव्हरच्या डब्ल्यूपीएसमध्ये ती बंधनं नकोत, आणि तिथे २५ ची प्लेट ५ पासून चालते. अमोनियाच्या कामावरही स्टॉपवॉच घेऊन उभं राहायला नको. एका रॉडमधून किती लांबीचा टाका पडला एवढं खडूने खूण करून मोजलं तरी कोडला चालतं. आमच्याकडे आता वेल्डर स्वतःच मोजतात.

लॅबचं थोडक्यात. सहा तुकडे निघतात, तीन वेल्डमधले आणि तीन हीट लागलेल्या पट्ट्यातले. ड्राय आइस आणि अल्कोहोलमध्ये किमान पाच मिनिटं, मग बाहेर काढल्यापासून पाच सेकंदांत फोडायचे. २ मिमीची खाच पाडण्याआधी तुकडा एच करून (रसायन लावून) वेल्डची रेषा स्वतः डोळ्यांनी बघा. जोडाची एक बाजू सरळ ठेवली तर ती खाच नेमकी पट्ट्यात बसते. ग्रूव्हचा आकार बदलल्याने पीक्यूआर बिघडत नाही. आणि पावसाळ्यात, आपल्याकडची हवा माहीत आहे, रॉड ओव्हनमधून थेट वेल्डरच्या हातात गेला पाहिजे.

ज्याला पुढची पाच वर्षं वाफ आणि हवा एवढंच करायचंय, त्याने साधा पीक्यूआर करावा. चुकलं असं मी म्हणणार नाही. पण तेव्हाही १२ ऐवजी २५ ची प्लेट लावा, उभी जोडा, प्रत्येक पासचे अँपिअर, व्होल्ट आणि चाल लिहून ठेवा, आणि प्लेट फूटभर लांब घ्या. उरलेला तुकडा हीट नंबर (प्लेटचा बॅच नंबर) मारून रॅकवर ठेवा. माझ्या पहिल्या प्लेटीचा उरलेला तुकडा भंगारात गेला होता.