ब्रह्मपुरीकडच्या भात्यावर घडलेला स्कॉटिश डर्क

डर्क हा स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातील लोक कमरेला बाळगत तो एकधारी, टोकाकडे निमुळता होत जाणारा खंजीर. तो घडवून घेण्यासाठी मी ब्रह्मपुरी तालुक्यातील एका लोहाराकडे रेखाचित्र घेऊन गेलो. नांगराचे फाळ आणि विळे करणाऱ्या हाताला हे जमेल का, अशी शंका मनात होती; पात्यापुरती ती साफ खोटी ठरली.

जुने डर्क अनेकदा मोडक्या तलवारींच्या पात्यांपासून केले जात, त्यामुळे आमचे पाते ट्रकच्या टाकाऊ कमानपट्ट्यातून निघाले याचे मला समाधानच वाटले. मूळ पाते बहुधा फूटभराचे असे. शस्त्र नियमांतील नऊ इंचांची मर्यादा लक्षात घेऊन मी साडेआठ इंचच सांगितले. चुंबक चिकटेनासा होईपर्यंत तापवलेले पोलाद लोहाराने पाण्यात न घालता कोमट तेलात बुडवले आणि म्हणाला, “भाऊ, पाण्यात टाकलं तर तडकते.” नंतर धारेवर पिवळसर छटा येईपर्यंत त्याने ते मंद आचेवर पुन्हा तापवले. या पात्याने वाळलेला बांबू तासला, तरी धार वळली नाही.

मुठीसाठी मला चितळाचे शिंग हवे होते. तसे शिंग जंगलात गळून पडलेले असले तरी वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मुळे ते बाळगता येत नाही, आणि लोहाराने तो विषय निघताच हात जोडले, हे त्याच्या बाजूने नोंदवतो. म्हणून पाळीव म्हशीचे शिंग घेतले. हरणाचे शिंग हाडाचे व खडबडीत असते. म्हशीचे मात्र खुरासारखे, गुळगुळीत आणि उष्णतेने मऊ पडणारे. मुठीत जाणारी पात्याची शेपटी त्याने लाल करून आत ठोकली, त्यामुळे भोक मोठे झाले आणि उरलेली फट लाखेने भरावी लागली. आडव्या पट्टीऐवजी पात्यालगत असणारे दोन फुगवटे बरे जमले. वरची पितळी चकती मात्र तिरकी बसली आहे.

अठराव्या शतकातील मुठी बहुतेक लाकडीच असत आणि त्यांवर एकमेकांत गुंतलेल्या पट्ट्यांची नक्षी कोरलेली असे, तेव्हा शिंगाचा हट्ट माझाच होता. पुढचा डर्क मी याच लोहाराकडून, पण शिसवी मुठीचा करून घेईन. मजुरी १,८०० रुपये झाली आणि तीन आठवडे लागले; पेरणीच्या तोंडावर शेतकऱ्यांची अवजारे आधी होतात, म्हणून मृगापूर्वी काम देऊ नये.